खोडदची दुर्बीण आणि यंत्रनिरपेक्ष आज्ञावली

जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागात, निमगाव सावा ते खोडद या टापूत, कांद्याच्या वावरांपलीकडे आभाळाकडे तोंड करून उभ्या असलेल्या जाळीदार तबकड्या येथील लोकांच्या नजरेला आता सरावाच्या झाल्या आहेत. परंतु त्यांच्या मागे असलेला संगणकविद्येचा इतिहास क्वचितच कोणी सांगतो. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या 30 तबकड्यांपैकी 14 खोडदला एकवटल्या असून उरलेल्या 16 तीन भुजांवर सुमारे 25 किलोमीटरच्या मुलखात विखुरल्या आहेत, आणि प्रत्येकीचा व्यास 45 मीटर आहे. 2002 पासून ती जगभरच्या अभ्यासकांना खुली आहे. अशी दुर्बीण पिढ्यान्‌पिढ्या चालावयाची. संगणक मात्र काही वर्षांत मोडीत निघतो, व एका कार्यप्रणालीसाठी लिहिलेली आज्ञावली दुसरीवर परकी ठरते.

या अडचणीची जाण रेडिओ खगोलशास्त्रज्ञांना फार लवकर आली. अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ वेधशाळेत 1978 च्या सुमारास एआयपीएस ही आज्ञावली लिहिताना कर्त्यांनी एक शिस्त कटाक्षाने पाळली: गणिताचा सारा भाग फोरट्रान भाषेत, कोणत्याही यंत्राला बांधील न ठेवता लिहावयाचा, आणि यंत्रागणिक बदलणारी कामे तेवढी ‘झेड’ या अक्षराने सुरू होणाऱ्या उपआज्ञावलींच्या हवाली करावयाची. नवे यंत्र आले की बदल मुख्यतः त्या उपआज्ञावलींत करावयाचे. खोडदच्या निरीक्षणांवर पुढे कित्येक संशोधकांनी याच आज्ञावलीने संस्कार केले.

याहूनही मला विलक्षण वाटते ती 1981 साली प्रसिद्ध झालेल्या ‘फिट्स’ या निरीक्षणे साठविण्याच्या नमुन्यातील 2880 ही संख्या. त्या काळच्या यंत्रांचा ‘शब्द’, म्हणजे एका वेळी हाताळावयाचा बिटांचा गट, कोठे 16, कोठे 32 वा 36, कोठे 48, तर कोठे 60 बिटांचा असे. 2880 बाइटांच्या खंडात 23,040 बिट मावतात आणि या प्रत्येक संख्येने त्यांना निःशेष भाग जातो, त्यामुळे कोणत्याही यंत्राला तो खंड अर्धवट न तोडता वाचता येई. शीर्षकाच्या ओळीही 80 अक्षरांच्या साध्या मजकुराच्या, म्हणजे माणसालाही वाचता येतील अशा. खोडदला निरीक्षणे प्रथम तेथील स्वतःच्या नमुन्यात नोंदली जात आणि मग फिट्समध्ये उतरवून अभ्यासकांच्या सुपूर्द होत.

पुढे दक्षिण आफ्रिका व ऑस्ट्रेलियातील ‘स्क्वेअर किलोमीटर ॲरे’ या रेडिओ दुर्बिणींच्या प्रकल्पाच्या नियंत्रणव्यवस्थेच्या आखणीचे पुढारपण खोडदची दुर्बीण चालविणाऱ्या पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राकडे आले. 2015 साली प्रकल्पाने त्यासाठी ‘टँगो’ ही मूळची फ्रान्समधील ग्रेनोबल येथील चौकट पत्करली. लिनक्स असो वा विंडोज, सी प्लस प्लस असो, जावा असो वा पायथॉन, या चौकटीत प्रत्येक उपकरण एकाच रीतीने हुकूम घेते व आपली हकिकत कळविते.

दरवर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदचे केंद्र सर्वांना खुले होते व परिसरातील विद्यार्थी आपले प्रयोग तेथे मांडतात. निमगाव सावा आणि शेजारच्या गावांतील शिक्षकांनी तबकड्या दाखविताना त्या 2880 चे गणितही मुलांकडून फळ्यावर सोडवून घ्यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.