क्वांटम, कोसंबी आणि एक नाणं

क्वांटम मेकॅनिक्स कळायला घरच्या घरी किती अभ्यास लागतो? गेले तीन विकांत कान्ह्याला पुस्तक उघडून बसतोय आणि दर वेळी चाळिसाव्या पानावर आपटतोय.

आज सकाळी न थांबता डेक्कन क्वीन धडधडत गेली आणि दामोदर धर्मानंद कोसंबी आठवले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६२ पर्यंत होते. राहायचे पुण्यात, मुंबईला जायचे याच गाडीने.

हा गणितातला माणूस. हार्वर्डची १९२९ची पदवी. पुढे संख्याशास्त्राकडे वळले, तेव्हा जुनी आहत नाणी घेऊन एकेक तोलायला बसले. नाणं वापरात झिजतं, मग वजनाच्या घटीवरून ते किती काळ फिरलं हे काढता येईल? गणित जमलं. पण नाणी पाडली कुणी? त्यासाठी जुने ग्रंथ, ग्रंथांसाठी संस्कृत! तेही एक काम धरूनच पक्कं केलं: भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती, १९४८.

गंमत बघा, त्यांच्या १९४३च्या संख्याशास्त्रावरच्या एका लेखात जी आयगेनव्हॅल्यू, ऑर्थोगोनल फंक्शन्सची हत्यारं आहेत, तीच माझ्या चाळिसाव्या पानावर आहेत. इंजिनिअरिंगला मार्कांपुरती घोकून विसरलेली!

म्हणजे तास मोजत बसण्याआधी मला एक नाणं हवं होतं. ठरलं: हायड्रोजनचा अणू. त्याची ६५६ नॅनोमीटरची लाल रेषा नेमकी तिथेच का, हे स्वतः गणित मांडून काढायचं. अडेल तेवढंच पुस्तकात शोधायचं.

बघू, पुढच्या विकांताला कुठवर पोचतो ते.