वंश, रक्त आणि रोजची गोळी

आज आपण एका अवघड आजाराचा इतिहास ऐकणार आहोत. लहान मुलाला रक्ताचा कॅन्सर झाला, म्हणजे डॉक्टर म्हणतात तो ल्युकेमिया झाला, की घरात पहिला प्रश्न उठतो, "आमच्या रक्तात हे आलं कुठून?" मग बोट बहुतेक वेळा आईकडे, तिच्या माहेराकडे वळतं. खरं तर मुलांमधला हा आजार सहसा आईबापांकडून वारशाने येत नाही. तरी "कुणाच्या रक्तात काय" हा प्रश्न मोठमोठ्या संशोधकांनाही पडला होता. कोणत्या वंशाच्या मुलांना हा आजार जास्त होतो? आणि झाल्यावर कोणती मुलं जास्त वाचतात? हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि त्यांची उत्तरंही वेगळी आहेत.

या गोष्टीची सुरुवात आपल्या मुंबईतून करू या. १९२८ साली ल्युसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये तिने काम सुरू केलं. कापड गिरण्यांमधल्या गरोदर बायकांना भयंकर रक्तक्षय व्हायचा आणि त्यात कित्येक जणी दगावायच्या. गरीब मुसलमान बायकांमध्ये हे प्रमाण जास्त दिसत होतं. धर्माचं किंवा जातीचं नाव देऊन विषय तिथेच मिटवता आला असता. विल्सबाईंनी मात्र त्या बायकांच्या ताटात काय असतं ते पाहिलं. ज्यांचं ताट सगळ्यात रिकामं, त्यांनाच आजार जास्त होता. यीस्टचा अर्क, म्हणजे बाजारात मिळणारं मार्माइट, दिल्यावर बायका बऱ्या होऊ लागल्या. १९३१ साली हे छापून आलं. त्या अर्कात जे होतं ते फॉलिक ॲसिड. आज गरोदरपणी आपल्याला गोळी मिळते ती त्याचीच.

आता या फॉलिक ॲसिडचा ल्युकेमियाशी संबंध काय? ल्युकेमियात हाडांच्या मगजात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. त्या वाढीलाही फॉलिक ॲसिड लागतं. बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांना वाटलं, की ते पेशींपर्यंत पोचू न देणारं औषध मिळालं तर वाढ थांबेल. ते औषध बनवणाऱ्या लेडर्ली प्रयोगशाळेत संशोधनाची सूत्रं होती आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाती. १९४८ साली फार्बर यांनी लिहिलं, की १६ मुलांना औषध दिलं आणि १० मुलांमध्ये सुधारणा दिसली. ती काही महिनेच टिकली. पण तोवर या आजारात काही करता येतं असं कुणालाच वाटत नव्हतं.

त्याच काळात आकडे मांडणाऱ्यांना एक गोष्ट खटकली. इंग्लंडमध्ये १९२०च्या दशकापासून दोन ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये हा आजार ठळकपणे दिसू लागला. अमेरिकेतल्या गोऱ्या मुलांमध्ये तो १९४०च्या सुमारास दिसला आणि कृष्णवर्णीय मुलांमध्ये १९६०च्या दशकात. विचार करा, वीस-तीस वर्षांत कुणाचं रक्त बदलत नाही. बदलते ती राहणी, आणि बदलते ती दवाखान्याची वाट. ताप, फिकेपणा आणि न्यूमोनियाने गेलेल्या गरीब मुलाचं रक्त तपासलंच नाही, तर ल्युकेमियाची नोंद होणार कशी?

तरी सगळाच फरक नोंदीचा नाही. आजही अमेरिकेत कृष्णवर्णीय मुलांमध्ये ल्युकेमियाचं प्रमाण गोऱ्या मुलांपेक्षा बरंच कमी आहे. सगळ्यात जास्त आहे ते मेक्सिको आणि दक्षिणेकडच्या देशांतून आलेल्या स्पॅनिश भाषिक घरांतल्या मुलांमध्ये. त्यामागे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांकडून आलेले काही जनुकीय बदल आहेत, हे गेल्या काही वर्षांत सापडलं. म्हणजे पहिल्या प्रश्नात वंशाला काही जागा आहे.

पण दुसरा प्रश्न? कृष्णवर्णीय मुलांना आजार कमी व्हायचा, पण ज्यांना व्हायचा त्यातली कमी वाचायची. इथे आपल्याला मेम्फिस शहरात जायला हवं. अमेरिकेच्या दक्षिणेतलं हे शहर. तिथे गोऱ्यांची आणि काळ्यांची इस्पितळंसुद्धा वेगळी असत. १९६२ साली तिथे सेंट ज्यूड हे मुलांचं इस्पितळ उघडलं. त्याचा आराखडा पॉल विल्यम्स या कृष्णवर्णीय वास्तुशिल्पकाराचा होता. नियम साधे होते. सर्व वंशांची मुलं एकाच ठिकाणी, आणि पैसे नाहीत म्हणून कुणालाही परत पाठवायचं नाही. तिथले डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनी अनेक औषधं एकत्र करून दोन-तीन वर्षं चालणारा उपचार बसवला. १९६७-६८ मध्ये सुरू केलेल्या त्यांच्या पाचव्या उपचारक्रमात जवळपास निम्मी मुलं कायमची बरी झाली. याच शहरात ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या इस्पितळाच्या दाराची किंमत कळते.

२००३ साली एका वैद्यकीय मासिकाच्या एकाच अंकात दोन लेख आले. पहिल्यात अमेरिकेतले १९९०च्या दशकातले आकडे होते. पाच वर्षांनंतर १०० पैकी ८४ गोरी मुलं जिवंत होती, कृष्णवर्णीय ७५ आणि स्पॅनिश भाषिक ७२. दुसरा लेख सेंट ज्यूडचा. तिथे कृष्णवर्णीय मुलांमध्ये आजाराचे अवघड प्रकार जास्त होते, तरीही गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या वाचण्यात फरक उरला नव्हता. देश तोच, वंश तेच. फरक होता तो उपचार सर्वांना सारखा मिळण्याचा.

मैत्रिणींनो, आता आपल्या घराजवळची गोष्ट. या आजारात इस्पितळातले दिवस संपले, तरी पुढे दोनएक वर्षं घरी रोज मर्कॅप्टोप्युरीनची गोळी द्यावी लागते. गर्ट्रूड एलियन या बाईंनी जॉर्ज हिचिंग्ज यांच्याबरोबर हे औषध तयार केलं, आणि १९८८ साली दोघांना नोबेल मिळालं. डॉ. स्मिता भाटिया यांनी अमेरिकेत या गोळीचा अभ्यास केला. डबीच्या झाकणात एक छोटं यंत्र होतं, डबी कधी उघडली याची ते नोंद ठेवी. १०० पैकी ९५पेक्षा कमी गोळ्या पोटात गेल्या, तर आजार उलटण्याचा धोका सुमारे अडीच पट होता. हिशेब करा, महिन्यात दोन गोळ्या चुकल्या तरी आपण त्या रेषेच्या खाली येतो. गोळ्या चुकत होत्या त्या बहुतेक विसरल्यामुळे, आणि जिथे एकटी आई घर चालवते तिथे जास्त. यात आईला दोष द्यायचा नाही. तिच्या जोडीला कुणी नव्हतं, हे बघायचं.

हाच प्रश्न दुसऱ्या बाजूनेही येतो. हीच गोळी काही मुलांना नेहमीच्या मात्रेत सोसत नाही, पांढऱ्या पेशी एकदम खाली येतात. आशियाई लोकांमध्ये जास्त आढळणारा एक जनुकीय बदल त्याला कारण असतो. २०१४ साली कोरियातल्या संशोधकांनी तो दाखवला. युरोपातल्या लोकांसाठी जी तपासणी होती, तिच्यात तो सापडत नव्हता. आपल्याकडेही हा बदल काही जणांत असतो. अशा मुलांची मात्रा डॉक्टर कमी करतात. म्हणजे वंश ओळखायचा तो मुलाला नेमकं औषध देण्यासाठी, त्याच्या नशिबाचा निकाल लावण्यासाठी नाही.

आपल्या देशात १९८०च्या दशकात मुंबईचं टाटा मेमोरिअल, तसंच चेन्नई आणि दिल्लीच्या इस्पितळांनी इथल्या मुलांना झेपेल असा उपचारक्रम सुरू केला, आणि वाचणाऱ्यांची संख्या वाढली. आपल्याकडे एक दुःख मात्र अजून आहे. मूल जरा हसू-खेळू लागलं, पैसे संपले, गाव लांब पडलं, की उपचार मध्येच सुटतो.

म्हणून आज एवढंच मागणं. तुमच्या वाडीत, गल्लीत असं मूल असेल, तर "कुणाच्या रक्तातून आलं" हे विचारू नका. त्या आईला विचारा, "आजची गोळी दिलीस का गं? उद्या दवाखान्यात मी येऊ सोबत?" भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक खूण करायला तिला सांगा. गोळी सोसत नसेल तर ती आपल्या मनाने बंद करू नका, कमीही करू नका. डॉक्टरांना सांगा. मुंबईतल्या त्या गिरणीच्या बायकांचं ताट कुणीतरी पाहिलं, म्हणून ही वाट सुरू झाली. आपणही शेजारणीच्या घरात तेवढं डोकावू या.