महाराष्ट्रातील अपत्यांचा नावक्रम

महाराष्ट्रात स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा नावक्रम रूढ आहे. राज्य मंत्रिमंडळाने ११ मार्च २०२४ रोजी शासकीय दस्तऐवजांत आईचे नाव बंधनकारक करण्यास मान्यता दिली. त्यानुसार १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी अपत्याचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव हा क्रम ठरला.

व्याप्ती
शाळाप्रवेश, परीक्षा, सेवापुस्तक, शिधापत्रिका आदी कागदपत्रांना हा निर्णय लागू आहे. अनाथ बालकांना त्यातून सूट आहे. विवाहित स्त्रीच्या नावानंतर पतीचे नाव व आडनाव लिहिण्याची पद्धत कायम राहिली. नावक्रमात आईला वडिलांच्या आधी स्थान मिळाले. आडनाव कोणाचे लावावे, हा प्रश्न मात्र या निर्णयाच्या कक्षेबाहेर राहिला.

पूर्वपरंपरा
कोल्हापूर येथे सापडलेल्या सातवाहनकालीन कुर राजांच्या नाण्यांवर ‘वासिठीपुत’, ‘गोतमीपुत’, ‘माढरीपुत’ अशी मातृनामे आढळतात. केवळ त्यांवरून मातृसत्ता सिद्ध होत नाही. सातवाहनांचा राजवारसा सामान्यतः पित्याकडूनच चाले.

आडनावाचा अधिकार
वडिलांच्या मृत्यूनंतर आई ही एकमेव नैसर्गिक पालक असल्याने अपत्याचे आडनाव ठरवण्याचा अधिकार तिला आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै २०२२ रोजी अकेला ललिता खटल्यात दिला. स्पेनमध्ये अपत्यास दोन्ही पालकांची आडनावे लाभतात. त्यांचा क्रम परस्परसंमतीने ठरवण्याची मुभा १९९९च्या कायद्याने मिळाली. इटलीच्या घटनात्मक न्यायालयाने २०२२ मध्ये केवळ पित्याचे आडनाव आपोआप लावण्याचा नियम घटनाबाह्य ठरवला.