प्रतिपादन-चिन्ह

प्रतिपादन-चिन्ह (⊢) : चिन्हांकित तर्कशास्त्रात एखादे विधान केवळ विचारार्थ मांडलेले नसून सत्य म्हणून प्रतिपादिले आहे, हे दर्शविणारे चिन्ह. उभी रेषा व तिच्या मध्यापासून उजवीकडे काढलेली आडवी रेषा असे त्याचे रूप आहे. माणसे एकेक करून आत सोडणाऱ्या फिरत्या फाटकाशी असलेल्या साम्यावरून इंग्रजीत त्यास ‘टर्नस्टाइल’ असे नाव पडले.

जर्मन तर्कवेत्ता गोट्लोप फ्रेग (१८४८–१९२५) ह्याने बेग्रिफ्सश्रिफ्ट (१८७९) ह्या ग्रंथात ते प्रथम योजिले. त्यातील आडवी रेषा ही आशयरेषा होय. ती पुढील चिन्हे एका आशयात गोवते. उभी रेषा ही निर्णयरेषा. ती वगळली, तर लेखकाने आशय वाचकापुढे ठेवला एवढाच अर्थ उरतो. त्याच्या सत्यतेविषयी काहीच म्हटलेले नसते. ह्या भेदाची गरज साध्या अनुमानातही दिसते. ‘पाऊस पडला असेल, तर अंगण ओले आहे’ असे म्हणणारा पाऊस पडल्याचे सांगत नाही आणि अंगण ओले असल्याचेही सांगत नाही. संपूर्ण सोपाधिक विधान तेवढे तो प्रतिपादितो. ‘पाऊस पडला आहे’ हे स्वतंत्रपणे प्रतिपादिल्यावरच ‘अंगण ओले आहे’ हा निष्कर्ष काढता येतो. आशय तोच, पण सोपाधिक विधानाचा घटक असताना त्याचे प्रतिपादन नाही, निष्कर्षात आहे. न्यायदर्शनातील पंचावयवी वाक्यात ‘पर्वत अग्निमान आहे’ हे आरंभी प्रतिज्ञा व शेवटी निगमन म्हणून येते. तेथेही, वेगळ्या हेतूने का होईना, साध्य आणि सिद्ध ह्यांतील भेद जपलेला आढळतो.

चिन्ह लावल्याने विधान सत्य होत नाही, ह्याचा अनुभव खुद्द फ्रेगलाच आला. ग्रुंडगेझेत्स देर आरिथमेटिक (खंड पहिला, १८९३) ह्यातील पाचवा मूलनियम त्याने निर्णयरेषेसह मांडला होता. त्यातून व्याघात उद्भवतो, हे बर्ट्रंड रसेलच्या १९०२ मधील पत्राने उघड झाले आणि दुसऱ्या खंडाच्या (१९०३) परिशिष्टात फ्रेगला ते मान्य करावे लागले.

रसेल व ए. एन. व्हाइटहेड ह्यांनी प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका (१९१०–१३) ह्या ग्रंथात हे चिन्ह कायम ठेवले. लूटव्हिख व्हिट्गेनश्टाइन ह्याने मात्र ट्रॅक्टेटस (१९२१) मध्ये ते तर्कदृष्ट्या निरर्थक ठरविले : त्यावरून लेखकांना ती विधाने सत्य वाटतात एवढेच कळते, विधानाच्या क्रमांकाप्रमाणेच ते विधानाचा भाग नव्हे. हा आक्षेप अर्धाच लागू पडतो. प्रतिपादन आशयाचा भाग नाही, हेच तर फ्रेगला दाखवावयाचे होते.

१९३० नंतरच्या दशकात जे. बी. रॉसर व एस. सी. क्लीनी ह्यांच्या लेखनापासून चिन्हाचा अर्थ पालटला. ‘क ⊢ ख’ म्हणजे क गृहीत धरल्यास ख हे दिलेल्या नियमांनी निष्पन्न करता येते. येथे लेखकाच्या मताचा प्रश्नच उरत नाही. ‘क → ख’ हे पद्धतीच्या आतील विधान आहे, तर ‘क ⊢ ख’ हे त्या पद्धतीविषयीचे. नवशिके ह्या दोहोंत नेहमी गोंधळ करतात. ‘क ⊨ ख’ हे चिन्ह आणखी निराळे : क ज्या ज्या अर्थनिर्वचनात सत्य, त्या प्रत्येकात ख सत्य. प्रथमस्तरीय तर्कशास्त्रात ⊢ व ⊨ ह्यांची व्याप्ती एकच आहे, हे कुर्ट गोडेलने १९३० च्या सुमारास सिद्ध केले. अंकगणिताच्या सुसंगत व पुरेशा समर्थ नियमबद्ध पद्धतीत मात्र नैसर्गिक संख्यांविषयी सत्य असूनही अनिष्पाद्य राहणारी विधाने असतात, हे त्यानेच १९३१ मध्ये दाखविले.

१९७० नंतर स्वीडिश तर्कवेत्ता पेर मार्टिन-लोफ ह्याच्या प्रकारसिद्धांतात निर्णयाची कल्पना पुन्हा केंद्रस्थानी आली.