यीस्टची जात कशी ठरते? खाण्यावरून, घडणीवरून

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. सूक्ष्मजीवशास्त्र हा काही आमचा प्रांत नव्हे. तरी आज मुरुडला यीस्टवर बोलायला उभे आहोत, कारण आपल्या भागात ऊस आहे, मळी आहे आणि मळीपासून मद्यार्क करणारं यीस्टही आहे. आता हे यीस्ट अमुक जातीचं, असं कशावरून म्हणायचं? हा प्रश्न जितका प्रयोगशाळेचा, तितकाच तर्काचा.

सूक्ष्मदर्शकाखाली बरीचशी यीस्ट सारखीच दिसतात: गोलसर पेशी, तिला फुटलेला कोंब. १८८३ साली कोपनहेगनला हॅन्सेन यांनी एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं. पुढे जाती ठरू लागल्या त्या खाण्यावरून, म्हणजे कोणती साखर आंबवते, कोणती नाही यावरून. १९५१ मध्ये अमेरिकेत विकरहॅम यांनी या चाचण्या खूप वाढवल्या. त्याच वर्षी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह सुरू झाला.

आपले नैयायिक सांगतात, लक्षणात अव्याप्ती नको, अतिव्याप्ती नको. साखरेच्या लक्षणात अव्याप्ती निघाली. एखाद्या जनुकात बदल झाला की यीस्ट ती साखर आंबवत नाही, आणि घरचंच पोर परकं ठरतं! अशा वेगळ्या मानलेल्या कित्येक जाती पुढे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी या एकाच जातीत आल्या.

मग १९६०-७० च्या दशकांत शास्त्रज्ञ पेशीच्या घडणीकडे वळले. पेशीभित्तिकेत कोणत्या शर्करा, डीएनएत ग्वानिन-सायटोसिनचं प्रमाण किती, हे मोजू लागले. कोएन्झाइम क्यू नावाच्या रेणूला एक शेपटी असते. तिचे दुवे सॅकरोमायसिस सेरेव्हिसीत ६, कॅन्डिडा अल्बिकन्समध्ये ९. क्रिप्टोकोकसच्या पेशीत झायलोज सापडतं, कॅन्डिडात नाही. हा नुसता नावांचा खेळ नव्हे बरं का. कॅन्डिडावर चालणारी एकायनोकॅन्डिन गटातली औषधं क्रिप्टोकोकसवर चालत नाहीत. मेंदूज्वराच्या रोग्याच्या बाबतीत ही ओळख चुकली, तर जिवावर बेतेल.

पण रसायनही अतिव्याप्तीतून सुटलं नाही. मुंबईजवळच्या तेलाने दूषित समुद्राच्या पाण्यातून मिळालेलं यारोविया लिपोलिटिका पुण्याच्या संग्रहात ३५८९ क्रमांकाने आहे. ही जात आधी कॅन्डिडातच मोजत. १९८० साली तिला यारोविया हे नवं कुळनाव मिळालं. तिच्याही शेपटीचे दुवे ९! म्हणून काय ती अल्बिकन्सची बहीण झाली? नाही, नातं फार दूरचं.

सख्ख्या भावांचं गोत्र एकच असतं. पण गोत्र एक म्हणून कुणी सख्खे भाऊ होत नाहीत. रसायनाचं तसंच आहे. घडण अशी मुळातूनच वेगळी निघाली तर ‘हे ते नव्हे’ असं भरवशाने म्हणता येतं. सारखी निघाली तर ‘हे तेच’ असं म्हणता येत नाही.

१९९८ मध्ये कर्ट्झमन आणि रॉबनेट यांनी सुमारे ५०० जातींचा आरएनए-जनुकातला एक तुकडा वाचून नाती मांडली. आता मुख्य भिस्त त्यावर आहे. तरी आम्हाला वाटतं, तिथेही हाच प्रश्न विचारत राहावा: सारखेपणा किती असला म्हणजे एक जात म्हणायचं? ही रेघ यीस्ट आखत नाही, आपण आखतो. ती का आखली, हे सांगता आलं पाहिजे.