सयाजीराव नावाचा घोडा

तेराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसचा प्रवासी मार्को पोलो याने ठाण्याच्या राज्याविषयी एक चमत्कारिक हकीकत लिहून ठेविली आहे. या बंदरातून निघणाऱ्या चाच्यांशी येथल्या राजाचा म्हणे एक करार होता. समुद्रावर लुटलेल्या मालापैकी सोने, कापड, मसाले जे काय असेल ते चाच्यांनी घ्यावे. घोडे मात्र जितके सापडतील तितके राजाच्या पागेत आणून सोडावे. राजाने असा व्यवहार करणे त्या परक्या प्रवाशास शोभादायक वाटले नाही, आणि ते साहजिकच आहे. परंतु राजाची अडचणही खरी होती. उत्तम घोडे त्या काळी अरबस्तान व इराणच्या किनाऱ्यावरून गलबतांत भरून यावयाचे आणि त्यांची किंमत भल्याभल्यांचा खजिना रिता करी. आज ठाण्यात, वागळे इस्टेटीच्या रस्त्यांवर, घोड्याची टाप ऐकू येते ती एखाद्या वरातीपुरतीच. तथापि त्या जुन्या हकीकतीतला प्रश्न अजून शिळा झालेला नाही : घोडा दारी उभा राहिला, परंतु त्याचे मोल कोणी दिले?

श्रोतेहो, आज ज्या घोड्याची कथा सांगावयाची आहे त्याचे नाव अस्सल मराठी होते, आणि हिंदुस्थानच्या मातीस त्याची टाप कधी लागली नाही. त्याचे नाव सयाजीराव.

हा घोडा १९४४ साली इंग्लंडात जन्मला. बाप नेअर्को, आई रोझी लेजंड. नेअर्को हा इटलीच्या फेदेरिको तेसियो या विलक्षण अश्वपारख्याने पैदा केलेला घोडा. चौदा शर्यती धावला आणि चौदाही जिंकला. १९३८ साली तो साठ हजार पौंडांस विकला जाऊन न्यूमार्केट येथे आला, आणि पुढे महायुद्धात जर्मन विमाने घिरट्या घालू लागली तेव्हा या एका घोड्यासाठी बाँबपासून बचाव करणारा निवारा बांधण्यात आला! रोझी लेजंड ही घोडी सर एरिक ओल्सन या गृहस्थांची. तिचा नेअर्कोपासून झालेला पहिला प्रसिद्ध पुत्र दान्ते. तो लहान असता विकावयास काढला, परंतु मनाजोगी किंमत येईना, म्हणून मालकाने स्वतःपाशीच ठेवला. त्या न विकल्या गेलेल्या शिंगराने १९४५ सालची डर्बी जिंकली. गिऱ्हाइकांच्या पारखेवर याहून बोचरी टीका कोणती असणार?

आता याच दान्तेचा सख्खा धाकटा भाऊ त्याच वर्षी लिलावात उभा राहिला, तेव्हा हात आखडता घेण्याची चूक कोणी करणार नव्हते. बोली चढत चढत अठ्ठावीस हजार गिनींवर थांबली. एक वर्षाच्या शिंगरास इतकी किंमत त्या देशात पूर्वी कधी आली नव्हती. एक गिनी म्हणजे एक पौंड एक शिलिंग. म्हणजे २९,४०० पौंड. आणि त्या वेळच्या भावाने, रुपयास दीड शिलिंग धरून, तीन लक्ष ब्याण्णव हजार रुपये. ज्या शिंगराच्या पाठीवर अद्याप कोणी शर्यतीसाठी बसले नव्हते, त्याची ही किंमत. घेणारे होते बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड.

गायकवाडांचे घराणे घोड्याच्या पाठीवरच मोठे झाले. दमाजी आणि पिलाजी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी गुजरातेत जम बसविला तो चपळ स्वारांच्या बळावर. तेव्हा त्यांच्या वंशजास घोड्याचा षोक असावा यात नवल नाही. शेजारच्या राजपिपळ्याच्या महाराजांच्या विंडसर लॅडने १९३४ साली डर्बी जिंकून दाखविली होती, हेही बडोद्यास ठाऊक होते. परंतु या शिंगरास नाव दिले गेले ते आजोबांचे, आणि येथेच या कथेस वेगळे वळण लागते.

थोरले सयाजीराव हे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरचे मूल. १८७५ साली दत्तक येऊन गादीवर बसले, ते १९३९ सालापर्यंत. १८९३ साली त्यांनी अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो साऱ्या राज्यात लागू केला. गावोगाव ग्रंथालये काढली. भीमराव आंबेडकरांस १९१३ साली शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेस पाठविले. राज्याचा पैसा हा रयतेच्या कामी लागावा हे त्यांच्या कारभाराचे सूत्र होते. अशा पुरुषाचे नाव पावणेचार लक्षांहून अधिक किंमतीच्या शिंगरास देण्यात नातवाची भक्ती असेल, हौस असेल; परंतु त्या नावाबरोबर एक हिशेबही चिकटला, तो पुढे चुकता करावा लागला.

प्रथम घोड्याचे पाहू. मोल देऊन घोडा मिळतो, जय मिळत नाही. महाराजांनी न्यूमार्केटजवळील वॉरन प्लेस ही वास्तू विकत घेतली आणि यॉर्कशरमधील मिडलहॅमहून सॅम आर्मस्ट्राँग नावाच्या शिक्षकास तेथे आणून बसविले. स्वार म्हणून एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन, ज्याने हिंदुस्थानच्या शर्यतींत नाव कमाविले होते. आमच्या जुन्या मराठी फौजेत दोन प्रकारचे स्वार असत : स्वतःचा घोडा घेऊन येई तो शिलेदार, आणि सरकारी घोड्यावर बसे तो बारगीर. त्या अर्थाने आर्मस्ट्राँग व ब्रिट हे बडोद्याचे बारगीरच म्हणावयाचे. ज्यांनी पहाटेच्या थंडीत त्या जनावरास खरारा केला, ज्यांनी त्याची चंदी मोजून दिली, ज्यांनी त्याच्या पायाच्या शिरा हाताने चाचपून आज याने दौडू नये असे सांगितले, त्या मोतद्दारांची नावे मात्र विजेत्यांच्या यादीत कोणी कोरीत नाही. शर्यतीच्या घोड्याचा पाय बोटभर सुजला तरी वर्षाचे श्रम वाया जातात. त्यामुळे मालकाच्या थैलीइतकेच मोतद्दाराचे डोळे मोलाचे, असे आमचे मत आहे.

१९४७ चा वसंत ऋतू आला. टू थाउजंड गिनीज या एक मैलाच्या शर्यतीत ट्यूडर मिन्स्ट्रेल नावाच्या घोड्याने सर्वांस आठ अंगे मागे टाकले. आमचा सयाजीराव तिसरा आला. पुढे डर्बी, दीड मैलाची. तीत ट्यूडर मिन्स्ट्रेलचा दम तुटला व तो चौथा आला. पर्ल डायव्हर या फ्रान्सहून आलेल्या घोड्याने बाजी मारली. दुसरा आगाखानांचा मिगोली, आणि तिसरा पुनः सयाजीराव. म्हणजे इंग्लंडच्या सर्वांत प्रतिष्ठित शर्यतीत दुसरा व तिसरा असे दोन्ही घोडे हिंदुस्थानशी नाते सांगणाऱ्या मालकांचे! परंतु ज्या घोड्यासाठी विक्रमी किंमत मोजली त्याने तिसरेच येत राहावे, याबद्दल कुचेष्टा करणारेही असतीलच.

जाणत्यांस मात्र या दोन शर्यतींत एक गोष्ट दिसली असावी. अंतर वाढले तसा वेगवान घोडा मागे पडला आणि सयाजीराव टिकला. घोड्याचे दोन गुण असतात, वेग आणि दम. आणि ते एकाच कातडीखाली क्वचितच नांदतात. सयाजीराव दमाचा घोडा होता. आयर्लंडात करॅच्या माळावर त्याने आयरिश डर्बी जिंकली, आणि मग सप्टेंबरात डॉन्कास्टर येथे सेंट लेजरसाठी उभा राहिला. ही शर्यत १७७६ पासूनची, डर्बीहूनही जुनी, आणि पावणेदोन मैलांहून किंचित अधिक लांबीची. येथे निव्वळ चापल्य उपयोगी पडत नाही. अखेरच्या टप्प्यात फ्रान्सचा आर्बार त्याच्या बरोबरीस आला. दोन्ही घोडे नाकाला नाक लावून धावत होते. ब्रिटने आपला घोडा फुटू दिला नाही, आणि सयाजीरावाने केवळ डोक्याएवढ्या अंतराने शर्यत मारली. मिगोली तिसरा आला. त्याच मिगोलीने पुढल्या वर्षी पॅरिसची सुप्रसिद्ध आर्क द त्रियोंफ शर्यत जिंकली, यावरून डॉन्कास्टरचा विजय किती कसाचा होता हे कळेल.

हिंदुस्थान स्वतंत्र होऊन तेव्हा जेमतेम महिना झाला होता. ज्या देशाचे राज्य नुकतेच उठले त्याच देशाच्या सर्वांत जुन्या मानाच्या शर्यतीत एका मराठी राजाचे नाव पहिले पुकारले गेले, ही गोष्ट कोणाही मराठी माणसास सुखविणारीच आहे. पण त्याच सुमारास पंजाबात माणसांचे तांडे वाटेवर होते आणि बडोद्याची प्रजा आपल्या अधिपतीस विचारू लागली होती, की आमचा राजा कोठे आहे, आणि खजिना कोठे आहे?

पुढचे वर्ष घोड्यांच्या बाजूने अधिकच उजळ गेले. १९४८ साली महाराजांच्या माय बाबू या घोड्याने टू थाउजंड गिनीज जिंकली. वर स्वार होता चार्ली स्मर्क, ज्याने विंडसर लॅडवर राजपिपळ्याची डर्बी आणली होती. राज्याच्या बाजूने मात्र तेच वर्ष काळवंडले. खजिन्यातून उचललेल्या कोट्यवधी रुपयांचा हिशेब मागितला जाऊ लागला, प्रजामंडळाने जोर धरला, आणि डॉ. जीवराज मेहता यांचे लोकनियुक्त मंत्रिमंडळ अधिकारावर आले. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. १९५१ साली भारत सरकारने प्रतापसिंहरावांची संस्थानिक म्हणून असलेली मान्यताच काढून घेतली आणि गादीचा मान त्यांचे पुत्र फत्तेसिंहराव यांजकडे गेला. प्रतापसिंहराव १९६८ साली लंडनमध्ये वारले.

हा सारा दोष घोड्यांवर लादणे अन्यायाचे होईल. रत्ने, प्रवास, परदेशातील वास्तव्य, अशी खर्चाची अनेक बिळे होती, आणि त्यांत घोड्यांनी निदान काही मिळवून तरी आणिले. तरीही डॉन्कास्टरच्या त्या विजयामागे ओल्सन, आर्मस्ट्राँग, ब्रिट ही नावे जशी उभी आहेत, तशी मेहसाणे व अमरेलीच्या शेतसारा भरणाऱ्या शेतकऱ्यांचीही उभी आहेत, असे आम्हांस वाटते. त्यांनी ती शर्यत पाहिली नाही; तिचे मोल मात्र त्यांच्या गाठीतून गेले.

वॉरन प्लेस पुढे इतरांच्या हाती गेले. आयर्लंडातील किल्डेअर परगण्यात महाराजांच्या मागे राहिलेली एक पैदासीची पागा बडोदा स्टड या नावाने ओळखली जाते. माय बाबू अमेरिकेस रवाना झाला. त्याची कन्या केरळ हिचा पुत्र डमॅस्कस हा १९६७ साली तेथला वर्षातील सर्वश्रेष्ठ घोडा ठरला. सयाजीराव आयर्लंडात राहिला आणि दमाची संतती देत गेला. त्याची कन्या ग्लॅडनेस हिने १९५८ साली अ‍ॅस्कटचा गोल्ड कप पटकाविला. आणि १९६४ साली, ज्या डॉन्कास्टरच्या माळावर सयाजीराव डोक्याएवढ्या अंतराने जिंकला होता, त्याच माळावर त्याचा पुत्र इंडियाना याने सेंट लेजर जिंकली.