जुने गेम, नवे विंडोज

नांदेड किंवा लातूरमधील एखाद्या घरात माळ्यावरचा खोका उघडला, तर त्यात दोन-चार सीडी हमखास सापडतात. काहींवर मार्कर पेनने ‘रोड रॅश’, ‘एज ऑफ एम्पायर्स’, ‘आयजीआय’ अशी नावे लिहिलेली असतात, तर एखादी ‘डिजिट’सारख्या मासिकासोबत आलेली असते. छापील वेष्टनातील मूळ सीडी त्या मानाने कमीच. संगणक मात्र तो राहिलेला नसतो. विंडोज १०चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि घरोघरी विंडोज ११ असलेली यंत्रे येऊ लागली. अशा यंत्रात जुना गेम सुरू करू पाहणाऱ्याला बहुधा एकच संदेश वाचावा लागतो: हा प्रोग्रॅम या संगणकावर चालू शकत नाही.

त्यावर दोन निष्कर्ष ठरलेले असतात. एक, सीडी खराब झाली. दुसरा, गेम फार जुना झाला, आता एक्सपी टाकल्याशिवाय तो चालणार नाही. हे दोन्ही निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचे असतात. नवा संगणक जुन्या गेमच्या गरजेपेक्षा कितीतरी पटींनी शक्तिशाली असतो आणि गेमची फाईलही सहसा शाबूत असते. गेम ज्या आधारावर उभा होता, तो आधार मधल्या काळात विंडोजमधून काढून टाकण्यात आला, हे खरे कारण होय. कोणता आधार गेला हे ओळखता आले, तर तो परत बसवता येतो. त्यासाठी प्रथम एकच प्रश्न विचारावा लागतो. गेम कोणत्या काळातला आहे: डॉसच्या, विंडोज ९५-९८च्या, की एक्सपीच्या?

मराठवाड्यातील या दोन शहरांत हे तिन्ही काळ जवळजवळ एकाच वेळी अवतरले. संगणक घरात येण्याआधी तो क्लासमध्ये आणि सायबर कॅफेत आला. २००१मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने तो तालुक्याच्या गावापर्यंत नेला. अकरावी-बारावीसाठी लातूरच्या ट्यूशन एरियात खोली घेऊन राहणारी मुले असोत, की विष्णुपुरीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थी, त्या पिढीने ‘डेव्ह’, ‘क्लॉ’ आणि ‘व्हाइस सिटी’ यांमधील दहा-बारा वर्षांचे अंतर कधी जाणलेच नाही. सगळे गेम एकाच संगणकावर, एकाच फोल्डरमध्ये असत. भारनियमनाच्या त्या वर्षांत वीज गेली की सेव्ह न केलेला खेळही जाई, एवढेच काय ते सर्वांत समान होते. आज मात्र त्या फोल्डरमधील एक गेम चालतो आणि शेजारचा चालत नाही, यामागे हेच विसरलेले अंतर आहे.

डॉसचे गेम

जॉन रोमेरो यांचा ‘डेंजरस डेव्ह’, किंवा जॉर्डन मेक्नर यांचा १९८९मध्ये ॲपल-२ संगणकावर प्रथम आलेला आणि पुढे डॉसवर पोहोचलेला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हे १६-बिट प्रोग्रॅम आहेत. ३२-बिट विंडोजमध्ये असे प्रोग्रॅम चालवण्याची सोय विंडोज १०पर्यंत शिल्लक होती. ६४-बिट विंडोजमध्ये ती कधीच नव्हती. आणि विंडोज ११ फक्त ६४-बिट स्वरूपातच आले. त्यामुळे येथे कोणतीही सेटिंग बदलून उपयोग होत नाही. उजवे बटण दाबून ‘विंडोज ९५’ निवडण्यात गेलेला वेळ वायाच जातो.

यावर डॉसबॉक्स हा मोफत प्रोग्रॅम हा जवळजवळ अचूक उपाय आहे. २००२मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेला हा प्रोग्रॅम विंडोजच्या आत एक संपूर्ण जुना संगणक उभा करतो. त्यात डॉस असते, व्हीजीए पडदा असतो आणि त्या काळचे साउंड ब्लास्टर कार्डही असते. आज्ञा टंकित करण्याची सवय नसलेल्यांसाठी सोपी युक्ती म्हणजे गेमची मुख्य फाईल माउसने उचलून डॉसबॉक्सच्या चिन्हावर सोडणे. गेम आपोआप सुरू होतो.

गेम सुरू झाल्यावर वेगाची अडचण येऊ शकते. डॉसच्या काळात अनेक प्रोग्रॅम घड्याळाऐवजी प्रोसेसरच्या गतीवर आपला वेग ठरवत. जुन्या कॅबिनेटवर ‘टर्बो’ नावाचे बटण असे, ते याचसाठी. नाव वेग वाढवण्याचे असले, तरी त्याचा खरा उपयोग संगणक मुद्दाम मंद करण्यासाठी होत असे. डॉसबॉक्समध्ये कंट्रोलसह एफ-११ दाबल्यास गती कमी होते, एफ-१२ दाबल्यास वाढते. पात्रे पडद्यावरून वाऱ्यासारखी धावू लागली, तर गेम बिघडला असे न समजता ही कळ वापरावी.

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या बाबतीत आणखी एक मार्ग आहे. उत्साही प्रोग्रॅमरांनी मूळ डॉस गेमची उकल करून तो आजच्या संगणकासाठी नव्याने लिहिला असून ‘एसडीएलपॉप’ या नावाने तो मोफत मिळतो. मेक्नर यांनी ॲपल-२साठी लिहिलेला मूळ कोड अनेक वर्षे हरवलेला होता. त्याच्या फ्लॉपी त्यांच्या वडिलांना घरातील कपाटात सापडल्या आणि २०१२मध्ये तो प्रसिद्ध झाला. माळ्यावरचे खोके न पाहता टाकून देऊ नयेत, याला यापेक्षा चांगला दाखला मिळणे कठीण.

विंडोज ९५-९८चे गेम

सर्वांत जास्त मनस्ताप या पिढीचा होतो, कारण येथे अडचणी एकीवर एक रचलेल्या असतात. ‘रोड रॅश’, ‘क्लॉ’, ‘व्हर्च्युआ कॉप २’, पहिला ‘एज ऑफ एम्पायर्स’ हे सारे १९९६-९७च्या सुमाराचे. गेम ३२-बिट असतो, म्हणजे तो नव्या विंडोजवर चालू शकतो; परंतु त्याचा इन्स्टॉलर पुष्कळदा १६-बिट असतो. परिणामी दार उघडत नाही आणि घर मोडले आहे असा समज होतो. अशा वेळी ‘वाइनव्हीडीएम’ नावाचा मोफत प्रोग्रॅम १६-बिट इन्स्टॉलर चालवून देतो. जुना संगणक अजून सुरू असेल, तर त्यावर बसवलेल्या गेमचे संपूर्ण फोल्डर पेन ड्राइव्हवरून आणल्यानेही अनेकदा काम भागते.

दुसरी अडचण रंगांची. हे गेम पडद्यावर एकावेळी फक्त २५६ रंग वापरत आणि ते रंग कोणते, हे स्वतः ठरवत. विंडोज व्हिस्टापासून पडदा रंगवण्याची पद्धत बदलली. त्यामुळे ‘एज ऑफ एम्पायर्स’मधील गवत जांभळे आणि पाणी लालसर दिसू लागले. ग्राफिक्स कार्ड बिघडले असे समजून ते बदलणारेही निघाले, हे दुर्दैव. फाईलवर उजवे बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’मधील ‘कम्पॅटिबिलिटी’ पानावर २५६ रंगांची खूण केल्यास काही गेम सुधारतात. न सुधारल्यास ‘सीएनसी-डीड्रॉ’ किंवा ‘डीजीव्हूडू २’ यांपैकी एकाच्या फाईली गेमच्या फोल्डरमध्ये ठेवाव्या लागतात. जुन्या गेमची चित्रभाषा नव्या ग्राफिक्स कार्डाला समजेल अशा भाषेत बदलून सांगणारे हे दुभाषे आहेत. ‘नीड फॉर स्पीड २ एसई’सारख्या गेमचे उत्तम रूप थ्रीडीएफएक्स कंपनीच्या कार्डांवरच दिसे. ती कंपनी केव्हाच काळाच्या पडद्याआड गेली, पण तिच्या कार्डांची भाषा ‘डीजीव्हूडू’ला येते.

‘कम्पॅटिबिलिटी मोड’विषयी एक गैरसमज येथेच दूर करावा. ‘विंडोज ९८’ निवडल्याने विंडोज ९८ अवतरत नाही. गेमने ‘ही कोणती आवृत्ती?’ असे विचारल्यास त्याला जुन्या आवृत्तीचे नाव सांगितले जाते आणि काही ज्ञात दुरुस्त्या लागू होतात. केवळ आवृत्तीच्या नावावर अडून बसलेल्या गेमला तेवढे पुरते. ज्याचा पायाच गेला आहे, त्याला पुरत नाही.

एक्सपीच्या काळातील गेम

‘आयजीआय’, ‘व्हाइस सिटी’, ‘मोस्ट वॉन्टेड’ आणि भारतीय कॅफेंचा लाडका ‘क्रिकेट ०७’ हे २००० ते २००६ या काळातील गेम. यांतील बरेच आजही थोड्या प्रयत्नांत चालतात. ‘डी३डीएक्स’ने सुरू होणाऱ्या नावाची फाईल सापडत नसल्याचा संदेश आल्यास ती एकटी फाईल अनोळखी संकेतस्थळावरून उतरवू नये. मायक्रोसॉफ्टचा जून २०१०चा डायरेक्टएक्स संच बसवल्यास ती आणि तिची भावंडे एकदमच मिळतात. गेम ‘प्रोग्रॅम फाईल्स’मध्ये न बसवता ‘सी’ ड्राइव्हवर वेगळे ‘गेम्स’ फोल्डर करून त्यात बसवावा. व्हिस्टापासून ‘प्रोग्रॅम फाईल्स’मध्ये लिहिण्यावर बंधने आली आणि सेव्ह केलेला खेळ नाहीसा झाल्याच्या अनेक तक्रारींचे मूळ तेथे आहे. काही गेम अनेक कोअरच्या प्रोसेसरवर गोंधळतात. त्यांना टास्क मॅनेजरमधून एकाच कोअरवर बांधून ठेवता येते. ‘व्हाइस सिटी’मधील ‘फ्रेम लिमिटर’ मात्र बंद करू नये, कारण नव्या यंत्राच्या गतीत गेमचे हिशेब चुकू लागतात.

खरी कोंडी होते ती मूळ सीडी विकत घेणाऱ्याची. नक्कल रोखण्यासाठी कंपन्यांनी सीडीवर ‘सेफडिस्क’ नावाचे कुलूप घातले होते. त्यासाठी लागणारा ड्रायव्हर विंडोजच्या अंतरंगात बसत असे आणि तो सुरक्षेला धोका ठरत होता. सप्टेंबर २०१५मधील एका अद्यतनाने मायक्रोसॉफ्टने जुन्या आवृत्त्यांत तो बंद केला. विंडोज १०मध्ये तो आलाच नाही. म्हणजे पैसे मोजलेल्याची सीडी चालेनाशी झाली आणि गंजगोलाईत किंवा वजिराबादेत घेतलेली नक्कल मात्र चालत राहिली. या अन्यायावर उपाय म्हणून लोक कुलूप तोडलेली फाईल इंटरनेटवर शोधतात आणि तिच्यासाठी अँटिव्हायरसही बंद करतात. ज्या संगणकावर घराचे बँक व्यवहार चालतात, त्यावर हे कदापि करू नये. गेम बनवणाऱ्या कंपनीने स्वतः कुलूप काढणारी दुरुस्ती दिली आहे का, हे आधी पाहावे. नसल्यास तोच गेम पुन्हा विकत घेणे परवडते. २००८मध्ये पोलंडमध्ये सुरू झालेले ‘जीओजी’ हे दुकान जुने गेम कुलपाशिवाय आणि नव्या विंडोजसाठी तयार करून विकते. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ची नवी आवृत्ती २०१९मध्ये आली.

चार मित्रांनी चार संगणक तारेने जोडून खेळायचे असेल, तर आणखी एक आधार परत आणावा लागतो. ‘एज ऑफ एम्पायर्स’सारखे गेम ‘डायरेक्टप्ले’वर अवलंबून असत. विंडोज ८पासून तो बंद स्थितीत येतो. कंट्रोल पॅनेलमधील विंडोजच्या सुविधा सुरू-बंद करण्याच्या यादीत ‘लेगसी कम्पोनंट्स’खाली तो सापडतो. त्याहून जुने गेम ‘आयपीएक्स’ पद्धतीने एकमेकांशी बोलत. ती व्हिस्टातच काढण्यात आली, परंतु ‘आयपीएक्स रॅपर’ने तिची उणीव भरून निघते. डॉसच्या गेमसाठी डॉसबॉक्समध्येच तशी सोय आहे.

जुने यंत्र आणि सीडी

चालू स्थितीतील एक्सपीचा संगणक घरात असेल, तर या साऱ्या खटाटोपापेक्षा तो जपणे अधिक शहाणपणाचे. एक्सपीची सुरक्षा-अद्यतने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली. म्हणून तो इंटरनेटला जोडू नये आणि त्यात लावलेला पेन ड्राइव्ह तपासल्याशिवाय दुसरीकडे लावू नये. सुरू करताना दर वेळी तारीख चुकत असेल, तर मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी बदलावी. ती किरकोळ किमतीत मिळते.

सीडीचे आयुष्य मर्यादित असते. त्यातही घरी लिहिलेली सीडी उन्हात आणि उष्णतेत लवकर खराब होते, आणि मराठवाड्यात पत्र्याखालच्या माळ्याचे तापमान सांगायला नको. नव्या लॅपटॉपमध्ये सीडी ड्राइव्ह नसतो, पण यूएसबीने जोडायचा ड्राइव्ह मिळतो. त्याच्या साहाय्याने सीडीची ‘आयएसओ’ प्रतिमा करून ठेवावी. विंडोज ८पासून अशी प्रतिमा दोनदा क्लिक करताच सीडीसारखी उघडते. मात्र काही गेमचे संगीत सीडीवर गाण्यांच्या ट्रॅकच्या रूपात असे. ‘क्वेक’ हे त्याचे परिचित उदाहरण. ‘आयएसओ’मध्ये हे ट्रॅक येत नाहीत आणि गेम मुका होतो. अशा सीडीची प्रतिमा ‘बिन-क्यू’ या जोडफाईलच्या स्वरूपात घ्यावी.

कायद्याच्या दृष्टीने, आपल्याकडील वैध प्रत नष्ट होण्यापासून वाचवण्यापुरती राखीव प्रत करण्याची मुभा १९५७चा भारतीय कॉपीराइट कायदा संगणक प्रोग्रॅमच्या धारकाला देतो. गेम बाजारात मिळत नाही म्हणून त्यावरील हक्क संपत नाही. कायदा प्रोग्रॅमची गणना साहित्यकृतीत करतो आणि हक्काची मुदत सामान्यतः लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांची असते. रस्त्यावर घेतलेली सीडी वीस वर्षे जपली तरी ती वैध प्रत होत नाही.

जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी त्याची हार्ड डिस्क काढून घ्यावी. आयडीई-यूएसबी जोडणी वापरून ती नव्या संगणकाला लावता येते. डिस्क खरखर आवाज करत असेल, तर ती वारंवार सुरू-बंद करू नये. एकदाच लावून आवश्यक ते उतरवावे. ‘व्हाइस सिटी’चे सेव्ह केलेले खेळ गेमच्या फोल्डरमध्ये नसून ‘माय डॉक्युमेंट्स’मध्ये असतात, ‘क्रिकेट ०७’चेही तेथेच. ‘एज ऑफ एम्पायर्स’चे मात्र गेमच्याच फोल्डरमधील ‘सेव्हगेम’मध्ये मिळतात. शेजारी बहुधा फोटोंचे फोल्डरही असते. तेही घ्यावे.